झाकणावरची गोगलगाय

सोमवारी संध्याकाळी आई रिकामी पिशवी घेऊन घरी आली. सकाळी जाताना भाजी आणते म्हणून गेली होती, आणि भाजी आणायला अख्खा दिवस लागतो असं त्या घरात तरी कुणी ऐकलं नव्हतं.

"भाजी कुठाय?" मुलीने विचारलं.

"चांगली नव्हती."

"अख्ख्या बाजारात?"

"अख्ख्या बाजारात," आई म्हणाली आणि हात धुवायला गेली.

हात धुवायला तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मुलगी टॉवेल द्यायचं निमित्त करून मागे जाऊन उभी राहिली. बेसिनमधून जाणारं पाणी पांढुरकं होतं, पिठाचे हात धुतल्यासारखं. ती ग्रंथालयात कामाला होती. परत आलेल्या पुस्तकातलं एखादं पान गायब असेल तर तिला ते नुसतं हातात घेतल्यावर वजनावरून कळतं, असं तिथले लोक चेष्टेने म्हणायचे. वाचनाने मन मोठं होतं असं तिने पुष्कळ ठिकाणी वाचलं होतं. तिच्या बाबतीत एवढंच झालं होतं, की कुणी एका शब्दात उत्तर दिलं की उरलेली पानं कुठे गेली हा प्रश्न तिला पडायचा.

गेले कित्येक सोमवार हे असंच चाललं होतं. कधी भाजी, कधी बँक, कधी 'जरा पाय मोकळे करून येते'. आई कुठल्यातरी डॉक्टरकडे जाते आणि ताकास तूर लागू देत नाही, असं मुलीने मनाशी ठरवून टाकलं होतं. तिचं लक्ष आईच्या हातांकडे असायचं. उजवा हात थरथरायला लागला म्हणून तर तिने आणि दादाने मिळून आईला नोकरी सोडायला लावली होती. आई रिटायर व्हायला तयारच नव्हती. दोघांनी आवाज चढवले तेव्हा कुठे तिने ऐकलं, आणि त्यानंतर कामाचा विषय घरात कधी काढला नाही.

चहा झाल्यावर आईने सवयीने रिकामा कप उलटा करून बूड पाहिलं. घरचाच कप, रोजचा, तरीही. तिची सारी हयात राजवाड्यात गेली होती. राजवाडा म्हणजे आता संग्रहालय. राजाच्या खुर्च्या, घड्याळं, ताटल्या आणि चहाची भांडी काचेआड मांडलेली. तिथल्या दुरुस्ती विभागात ती फुटलेली चिनी माती सांधायची, लागेल तिथे हुबेहूब नक्कल करायची. त्यामुळे कुठेही गेली तरी बुडाखालचा शिक्का बघायला कप उलटा होणारच. दादाचं लग्न ठरलं तेव्हा तिने व्याह्यांच्या घरी बशी उलटी केली होती, वरच्या बिस्किटांसकट. वहिनी अजून सांगायची, "आमचं स्थळ आईंनी बुडाखालून बघून पसंत केलं."

"काय निघालं?" मुलीने विचारलं.

"साधाच आहे," आई म्हणाली. "पण चहा बरा होता."

जेवणं झाल्यावर अंथरूण घालताना आई म्हणाली, "उद्या लवकर उठव गं मला. सकाळचा उजेड चांगला असतो."

"उजेड कशाला हवाय?"

"बघायला."

"काय बघायला?"

"झोप बाई आता. पोलिसात जायचीस, चुकून पुस्तकांत गेलीस."

सकाळी मुलगी तिला उठवायला गेली.

*

फोन सगळे दादाने केले. माणसं आली, बसली, मुलीच्या पाठीवरून हात फिरवून गेली. तिला कुणालाच काही सांगावं लागलं नाही. येणारा प्रत्येक जण ऐकूनच आलेला असायचा. ग्रंथालयात तिने 'घरी जरा काम आहे' एवढंच कळवलं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने "आई दिसल्या नाहीत बऱ्याच दिवसांत?" असं विचारलं, तेव्हा ती "हो ना" म्हणाली आणि साबण घेऊन घरी आली. आपण खोटं बोललो असं तिला वाटलं नाही. आई खरंच दिसली नव्हती.

महिना होत आला तेव्हा तिने आईचं कपाट उघडलं. लोकरीच्या शालीमागे मलमलच्या जुन्या तुकड्यात काहीतरी गुंडाळून ठेवलं होतं. तिने ते पलंगावर बसून सोडलं आणि तशीच बसून राहिली.

साखरदाणीचं झाकण होतं. पांढरंशुभ्र, कडेला निळी वेल, आणि वर धरायला बोंडाच्या जागी एक गोगलगाय, शिंगं बाहेर काढून निघालेली. ही गोगलगाय शहरात कुणाला माहीत नाही? राजवाड्याच्या तिकिटावर तीच, दारावरच्या फलकावर तीच, दुकानात विकायला ठेवलेल्या पिशव्यांवरही तीच. राजाच्या न्याहारीच्या संचातली साखरदाणी म्हणजे संग्रहालयाची शान.

मुलीने झाकण उलटं केलं. लहानपणी आईनेच शिकवलं होतं, "आमच्या हातची नक्कल असेल तर खाली कडेला हिऱ्याच्या टोकाने खूण केलेली असते. ज्याने केली त्याची खूण. नाहीतर उद्या खरं कुठलं नि खोटं कुठलं, कोण सांगणार?" मुलीने कड दिव्याखाली धरली, बोट फिरवलं, नख फिरवलं. खूण नव्हती.

म्हणजे हे खरं होतं. मग तिथे काचेआड काय होतं?

तिने दादाला फोन केला. तो हसेल, 'वेडी आहेस का' म्हणेल, अशी तिची अपेक्षा होती.

"ठेवून दे गुपचूप," तो म्हणाला. "कुणाला काय कळतंय?"

"म्हणजे तुला वाटतं आईने..."

"मला काही वाटत नाही. आता कोण विचारायला येणार आहे?"

"मी विचारतेय."

"कुणाला विचारणार?" दादा म्हणाला, आणि मग त्यालाच ते बोलणं झेपलं नाही. त्याने फोन वहिनीकडे दिला. वहिनी दुधाचं काहीतरी बोलत राहिली.

सोमवार, रिकामी पिशवी, पांढरं पाणी. तिला आता आठवलं, सोमवारी संग्रहालय बंद असतं. बंद वाड्यात रिटायर झालेली बाई काय करत होती? ज्या बाईने दुकानदाराने चुकून जास्त दिलेले सुटे पैसे परत द्यायला भर उन्हात चकरा मारल्या, ती बाई? मुलीला रात्रभर एकच गोष्ट कळत नव्हती. आई चोर निघाली तर जास्त वाईट, की आपण तिला चोर समजलो आणि ती नव्हती, हे जास्त वाईट?

सकाळी तिने झाकण मलमलसकट जेवणाच्या डब्यात ठेवलं, डबा पर्समध्ये टाकला आणि राजवाड्याची वाट धरली.

*

दारावरच्या पहारेकऱ्याने पर्स उघडायला लावली.

"डब्यात काय? जेवण?"

"हो."

"आत खायचं नाही."

"नाही खाणार," ती म्हणाली.

दोन पावलं पुढे गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की आत नेणं सोपं होतं. बाहेर काढताना त्याने डबा उघडायला सांगितला, तर आपण साखरदाणीचं झाकण पळवणारी बाई ठरणार. तिला दरदरून घाम फुटला. मग तिला आईची आठवण झाली, आणि आईला कधी असा घाम फुटला असेल का हा विचार आला, आणि तिला स्वतःचाच राग आला.

तसा हा वाडा मुळातच बनवाबनवीचा. जिन्याजवळचे संगमरवरी खांब खरे तर चुन्याचे, वरून रंगवलेले. आईनेच कधीकाळी सांगितलं होतं. मुलीने जाता जाता टिचकी मारली. पोकळ वाजलं. छतातली कोरीव फुलं जवळून पाहिली तर नुसती रंगवलेली होती, सावलीसकट. खिडक्यांमधली एक खिडकी आरशाची होती. आज तिला काहीच खरं वाटत नव्हतं. समोरच्या खुर्चीवर 'बसू नये' अशी पाटी होती, तर ती पाटीसुद्धा कुणीतरी काहीतरी झाकायला ठेवल्यासारखी वाटली.

न्याहारीचं दालन टोकाला होतं. राजा इथे सकाळी एकटा बसून वाचायचा म्हणे. एक भिंत पुस्तकांची होती. तिने सवयीने कणे वाचायला घेतले आणि अर्ध्या भिंतीनंतर थांबली. पुढची पुस्तकं रंगवलेली होती. ग्रंथपाल म्हणून तिला हे फारच जिव्हारी लागलं.

मधोमध काचेचं कपाट, कपाटात संच, संचाच्या मध्यभागी साखरदाणी. गोगलगाय दिव्याखाली चकचकत होती. जास्तच चकचकतेय, मुलीला वाटलं. शिंगं आपल्या डब्यातल्या गोगलगायीची जास्त जिवंत आहेत. ती डावीकडून पाहू लागली, उजवीकडून पाहू लागली, मग सरळ खाली उकिडवी बसली आणि मान वाकडी करून झाकणाची खालची कड दिसते का ते बघू लागली.

"मॅडम, काही पडलंय का?"

दालनावर नेमलेली बाई होती. निळा गणवेश, कमरेला वॉकीटॉकी.

"नाही. बघतेय."

"उभं राहूनही दिसतं ते."

मुलगी उठली. "हे झाकण कधी उघडतात का?"

बाईने तिला नखशिखान्त न्याहाळलं. "कशाला?"

"सहज विचारलं."

"सहज कुणी विचारत नाही. लोक इथे उभे राहतात, फोटो काढतात आणि दुकानात जाऊन पिशवी घेतात. तुम्ही फोटोपण नाही काढला."

"फोटो काढायलाच हवा का?"

"पर्स एवढी घट्ट का धरलीय?" बाईने विचारलं आणि वॉकीटॉकी तोंडाशी नेली. "आतून कुणीतरी या. न्याहारीत एक बाई आहे, खाली वाकून बघतेय."

मुलगी दाराकडे बघत होती. माणूस आला भिंतीतून. रंगवलेल्या पुस्तकांचा एक उभा पट्टा पुढे सरकला, आणि त्याच्यामागून एक उंच म्हातारा बाहेर आला. गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं भिंग. तो कोण हे तिला लगेच कळलं. आई वर्षानुवर्षं घरी येऊन ज्याचे किस्से सांगायची, तो लाकडाच्या विभागातला भिंगोजी. त्याचं खरं नाव आईलाही आठवत नसावं.

त्याने तिच्याकडे पाहिलं, तिच्या वाकड्या मानेकडे पाहिलं.

"बाईंची लेक!" तो म्हणाला. "एवढीशी होतीस. बाई बऱ्या आहेत ना?"

"आहे," मुलगी म्हणाली. खरं सांगितलं तर हा माणूस सावध होईल, आणि सावध झालेला माणूस काही सांगत नाही, एवढं शहाणपण तिला होतं.

"मग आल्या का नाहीत? मी दर सोमवारी मागचं दार उघडं ठेवतोय." मग त्याने गणवेशातल्या बाईकडे तिरक्या डोळ्याने पाहिलं आणि आवाज उतरवला. "इथे नको. आत चल."

पुस्तकांमागे अरुंद बोळ होता. दार बंद झाल्या झाल्या त्याने विचारलं, "आणलंस?"

"काय?"

"झाकण. बाई पदराआड घेऊन गेल्या होत्या ते."

तर हा सामील होता. मुलीने पर्स छातीशी धरली. "काका, हे वर कुणाला माहीत आहे?"

"वर? वर कळलं तर मला आजच चंबूगबाळं आवरायला लागेल! रिटायर झालेल्या माणसाला बंदच्या दिवशी आत घेतो मी. बाईंनीच गळ घातली. आणि वरून दटावलं, घरी सांगाल तर याद राखा, लेक ओरडते."

"मी ओरडते?"

"असं त्या म्हणायच्या. मला काय माहीत. आत्ता तरी ओरडत नाहीयेस."

*

बोळाच्या शेवटी दुरुस्तीची खोली होती. उत्तरेकडे मोठी खिडकी, लांब टेबलं, सरसाचा वास. भिंतीशी एक फळी, आणि फळीवर गोगलगायी.

मुलगी जागच्या जागी थबकली. फळीभर झाकणं होती, ओळीने, पांढरी, निळ्या वेलीची, आणि प्रत्येकावर एक गोगलगाय. काहींची शिंगं वितळल्यासारखी खाली आली होती. एकाची वेल फिकी होती. एक सगळं जमून आलेलं, पण शेजारच्यापेक्षा नखभर लहान.

"भट्टीत आकसतं ना," भिंगोजी म्हणाला. "ओल्यापणी मोठं करायचं, भाजल्यावर बरोब्बर साखरदाणीवर बसलं पाहिजे. त्यात ही शिंगं. बाई म्हणायच्या, या गोगलगायीने माझ्या डोळ्यांत पाणी आणलं. ते बाहेरचं झाकण आहे ना, खरं, त्याची चीर दरवर्षी वाढतेय. ते पेटीत जायचंय कायमचं, आणि त्याच्या जागी नक्कल ठेवायचीय, तशी पाटी लावून. काम बाईंकडे होतं. संपायच्या आत त्यांना घरी बसवलंत तुम्ही लोकांनी."

मुलीने ते ऐकलं, पण तिचा विश्वास बसायचा राहिला होता. तिने डबा उघडला, मलमल सोडली, आणि झाकण उलटं करून त्याच्यापुढे धरलं.

"मग यावर खूण का नाही? नक्कल असेल तर खूण हवी. आईनेच सांगितलंय मला."

"खूण झाल्यावर करतात."

"कशाच्या झाल्यावर?"

"काम झाल्यावर! ज्याने केलं त्याने म्हणायचं, आता झालं, आणि मग खूण करायची. ती केली की पुन्हा हात लावायचा नाही." त्याने हात फळीकडे केला. "बघ ना तूच."

तिने पहिलं झाकण उचलून उलटं केलं. खूण नव्हती. दुसरं उलटं केलं. तिसरं. तिला थांबताच येईना. ती एकेक उचलत होती, बोट फिरवत होती, परत ठेवत होती, आणि एकाखालीही काही नव्हतं. आईने एकदाही 'झालं' म्हटलं नव्हतं. थरथरत्या हाताने, घरी भाजीचं सांगून, सोमवारमागून सोमवार. डोळ्यांत पाणी आलं की मुलगी नेहमी काहीतरी वाचायला शोधायची. खोलीत वाचण्यासारखं काहीच नव्हतं.

"हात कापायचा ना तिचा?" तिने विचारलं.

"कापायचा. मग थांबायच्या. मनगटाखाली मी वाळूची पिशवी ठेवायचो. थांबायचा की परत सुरू. मध्ये मला शिव्या." तो हसला. "तुमचं भिंग धुवा आधी, म्हणायच्या, त्यातून जग वाईट दिसतं तुम्हाला."

तिला हसू आलं, आईच्या आवाजात ऐकू आलं म्हणून.

भिंगोजीने तिने आणलेलं झाकण खिडकीपाशी नेलं, भिंग डोळ्याला लावलं आणि ते कडेकडेने सावकाश फिरवलं. तिला वाटलं, आता हा म्हणणार, हे खरं आहे. संशय काही एवढ्या सहज माणसाला सोडत नाही. त्याने भिंतीतल्या कपाटातून दुसरी एक साखरदाणी काढली, बिनझाकणाची, मापासाठी ठेवलेली, आणि झाकण तिच्यावर ठेवलं. बारीकसा आवाज झाला. झाकण बसलं. हललं नाही.

"बसलं," तो हळूच म्हणाला. "गेल्या वेळी त्यांचं म्हणणं होतं, बसतंय, पण वेलीचा निळा दिव्यात कळत नाही, घरी सकाळच्या उजेडात बघते. बघितला असेल ना त्यांनी? काय म्हणाल्या?"

मुलगी मलमलची घडी घालत राहिली.

"काही म्हणाल्या नाहीत? म्हणजे पसंत आहे. नापसंत असतं तर सगळ्या घराला ऐकवलं असतं." तो एकदम कामाला लागला. टेबलाशी एक खुर्ची ओढली, तिच्यावरची धूळ बाहीने पुसली, दिवा खाली वाकवला. खणातून हिऱ्याच्या टोकाची लेखणी काढून झाकणाशेजारी ठेवली. "खूण तेवढी राहिली. एवढीशी, दोन रेघांची, पण ती त्यांच्याच हातची हवी. दुसऱ्याने केली तर ती खोटी. तू असं कर, येत्या सोमवारी घेऊन ये त्यांना. टॅक्सीने आण, जिना नको, मागच्या दाराने घेऊ. हात कापला तर मी धरतो मनगट. वरच्यांना मी बाईंचं नाव न घेता रोज सांगतोय, आता होतंय, आता होतंय. पाटीसुद्धा छापून आलीय. बाईंना म्हणावं, आता नखरे पुरेत, सोमवारी या आणि मोकळ्या व्हा. सांगशील ना? की मीच फोन करू? नाही, मीच करतो, तू सांगितलंस तर त्या तुझ्यावर..."

"काका," ती म्हणाली.

तो फोन शोधत खिसे चाचपत होता.

"काका, नका करू फोन."

"का गं? रागावल्यात का माझ्यावर?"

"नाही." तिने टेबलाची कड धरली. शब्द तोंडात येऊन बसला होता, कधीचा. इतके दिवस तो दुसऱ्या कुणीतरी उच्चारला होता. "आई गेली. मघाशी मी तुम्हाला खोटं सांगितलं. त्या सोमवारी इथून घरी आली, चहा प्यायली, जेवली, मला म्हणाली लवकर उठव. मी उठवायला गेले तर आई गेलेली होती, काका. माझी आई गेली."